बायकांनी लिहिलेली जुनी फॅन्टसी: स्त्रीवादी बुक क्लबसाठी काय निवडायचं?

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुमचा बायकांचा वाचनगट आहे, वयं पंचविशीपासून सत्तरीपर्यंत, आत्तापर्यंत 'स्त्री पुरुष तुलना', ऊर्मिला पवारांचं दलित बाईचं आत्मकथन 'आयदान' अशी पुस्तकं वाचून झालीत, आता सहा महिने फॅन्टसी वाचायचीय, ती पण जुनी, क्लासिक म्हणावी अशी आणि बायकांनीच लिहिलेली. काही जणी म्हणतात हे पोरासोरांचं वाचन, काही जणींना इंग्रजी जड जातं. काय निवडावं, काय टाळावं, कुठल्या क्रमानं वाचावं, आणि पीडीएफ ग्रुपवर टाकल्या तर चालतील का. मी बरीच वर्षं असे गट चालवतेय त्यामुळे उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

आधी निवडायचं कसं ते सांगते. नेटवर 'फेमिनिस्ट फॅन्टसी' टाकलंत की जी यादी येते ती बहुतेक तलवारवाल्या नायिकांची असते. घोड्यावर मांड, फटकळ जीभ आणि शेवटी राज्य तिचं. वाचायला मजा येते, नाही म्हणत नाही, पण गटात त्यावर वीस मिनिटांच्या वर बोलणं होत नाही कारण सगळ्यांचं एकमत असतं. 'किती भारी ना ती', 'हो ना', की विषय गेला कोणाच्या तरी मुलीच्या ॲडमिशनवर. मी पुस्तक हातात घेतलं की एकच बघते, या जादूच्या जगात स्वयंपाक कोण करतंय, भांडी कोण घासतंय, पोरं आणि म्हातारी माणसं कोण सांभाळतंय, आणि हे सगळं लेखिकेच्या नजरेला पडलंय का. किल्ला हवेत तरंगू दे हो, पण त्यात झाडू कोण मारतं? ज्या लेखिकेला हा प्रश्न पडलाय तिच्या पुस्तकावर गट तासन् तास भांडतो. आणि भांडण झालं पाहिजे, त्यासाठीच तर जमायचं.

नुसती लेखिका बाई आहे एवढ्यानं भागत नाही. ॲन मॅककॅफ्री घ्या. सायन्स फिक्शन-फॅन्टसीचा ह्युगो पुरस्कार मिळवणारी पहिली लेखिका, त्यामुळे तिचं 'ड्रॅगनफ्लाइट' (1968) हमखास सुचवलं जातं (खरं तर ती सायन्स फिक्शन आहे पण ड्रॅगन आले की लोक फॅन्टसीत टाकतात). नायिका लेसा एकदम तडफदार, पण नायक तिला चिडून धरून गदागदा हलवतो, आणि ड्रॅगनांच्या मीलनाच्या वेळी मनानं त्यांच्याशी जोडलेल्या स्वारांचाही जो शरीरसंबंध होतो त्यात तिला कोणी विचारत नाही, आणि पुस्तक हे सगळं प्रेमकथा म्हणून सांगतं. एखादं सत्र 'तेव्हा हे कोणाला खटकलं कसं नाही' यावर घ्यायचं असेल तर जरूर वाचा, पहिल्या सहात मात्र नको.

आता 'पोरासोरांचं वाचन' म्हणणाऱ्या मावश्यांचं काय करायचं. त्यांना लेक्चर देऊ नका. त्यांना श्रावणातल्या कहाण्यांची आठवण करून द्या. आटपाट नगर होतं, राजाला दोन राण्या, एक आवडती एक नावडती, नावडतीला गाईगुरांकडं धाडलेलं, मग नागकन्या येतात, देवकन्या येतात, वसा सांगतात. बायकांनी बायकांना सांगितलेल्या गोष्टी आहेत या, नि त्यातली जादू रणांगणावर कमी आणि चुलीपाशी, पाण्याच्या वाटेवर, सासरच्या उंबऱ्यावर जास्त घडते. फॅन्टसी त्यांनी जन्मभर ऐकलीय, फक्त तिला ते नाव दिलेलं नव्हतं. एवढं बोललात की निम्मा विरोध मावळतो. उरलेला निम्मा पहिल्या महिन्यात मावळेल.

पहिल्या महिन्यात रोकेया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' घ्या. 1905 साली मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये आली, बंगालातल्या बाईनं थेट इंग्रजीत लिहिलेली, जेमतेम पंधरा-वीस पानांची गोष्ट, एका बैठकीत मोठ्यानं वाचून होते. एक बाई आरामखुर्चीत डुलकी घेते आणि अशा देशात पोचते जिथं पुरुष घरात कोंडलेत, जनान्याच्या जागी मर्दाना, आणि बाहेरचं सगळं बायका बघतात. सूर्याची उष्णता साठवून स्वयंपाक, ढगांतून पाणी ओढून घ्यायची सोय, शत्रूचं सैन्य पण त्याच उन्हाच्या झोतानं पळवून लावलेलं. माझा आवडता भाग ऑफिसचा. तिथं काम दिवसाला दोनच तास. का, तर पुरुष कामाला होते तेव्हा सात तासांतले सहा तास चिरूट ओढण्यात जायचे असा साधा हिशोब मांडलाय बाईनं, एक चिरूट जळायला अर्धा तास, दिवसाला बारा चिरूट. नोकरी करणाऱ्या बायका इथं हमखास हसतात. आणि रोकेयाबाईंना स्वयंपाकघर दिसलंय बघा, धूर नाही, कोळसा नाही, असं स्वयंपाकघर 1905 साली कोणाच्या स्वप्नात येईल, जिनं धूर खाल्लाय तिच्याच. चर्चेला मुद्दा असा टाका की उलटापालट म्हणजे समता का? कोंडणं वाईट असेल तर पुरुषांना कोंडून काय साधलं? आणि या देशात राणी आहे, शिकलेल्या बाया आहेत, मोलकरीण कुठाय? हा शेवटचा प्रश्न तुमच्या गटात कोणीतरी आपणहून काढेल, 'आयदान' वाचलेला गट आहे तुमचा.

गोष्ट छोटी आहे, त्यामुळे त्याच महिन्यात सुनीती नामजोशींचं 'फेमिनिस्ट फेबल्स' (1981) जोडून घ्या. या आपल्याकडच्या, फलटणच्या नाईक निंबाळकर घराण्यातल्या आईची मुलगी, जन्म मुंबईचा, आयएएस होत्या, ते सोडून कॅनडात गेल्या, पुढे इंग्लंडात. गोविंदाग्रजांच्या कविता त्यांनी आईबरोबर इंग्रजीत आणल्यात हे फार जणांना माहीत नसतं. पुस्तकातल्या गोष्टी एकेक दोनेक पानांच्या, पंचतंत्र, ग्रिम, अँडरसन सगळ्यांना हात घातलाय. एक सांगते म्हणजे चव कळेल. काशीतला एक ब्राह्मण विष्णूकडं मुलगा मागतो, देव चुकून का मुद्दाम मुलगी देतो. बाप नाइलाजानं तिलाच शिकवतो, दोघं तपाला बसतात, देव प्रसन्न. बापाच्या तोंडून निघून जातं, मुलगा हवा. देव म्हणतो ठीक, पुढच्या जन्मी, आणि पुढच्या जन्मी तो बाई होतो आणि आठ मुलगे जन्माला घालतो. मुलीला विचारतो तुला काय हवं, ती म्हणते मला माणसाचा दर्जा हवा. देव म्हणतो हे जरा अवघड आहे, आणि एक समिती नेमतो. झाली गोष्ट. सरकारी नोकरीतून रिटायर झालेल्या बायकांसमोर ही वाचून बघा काय होतं ते. इंग्रजी सोपं आहे, कोणीही वाचू शकेल, आणि तिथल्या तिथं मराठीत सांगताही येते.

दुसरा महिना सिल्व्हिया टाउनसेंड वॉर्नरचं 'लॉली विलोज' (1926). हे पुस्तक आपल्याकडं फारसं कोणी वाचत नाही आणि मला त्याची चुटपुट आहे. अमेरिकेत बुक ऑफ द मंथ क्लब सुरू झाला तेव्हा त्यांनी निवडलेलं पहिलंवहिलं पुस्तक हे, म्हणजे बुक क्लबांच्या इतिहासातच याला मानाचं पान. गोष्ट साधी. लॉरा विलोज, लग्न न झालेली, वडील गेले तेव्हा अठ्ठावीस वर्षांची, मग भावाच्या घरी लंडनला रवानगी, तिचं काय करायचं हे बाकीच्यांनी आपसात ठरवलेलं. तिथं ती वीसेक वर्षं 'लॉली आत्या'. ते नाव पण तिचं नव्हे, भाचीला लॉरा म्हणता येईना म्हणून लॉली, नि मग सगळ्यांचीच ती लॉली. पोरांचं करायचं, शिवण करायचं, आजारपणं काढायची, पाहुणे आले की आपली खोली रिकामी करून छोट्या खोलीत जायचं. असली आत्या, असली मावशी तुमच्यातल्या प्रत्येकीच्या घरात होऊन गेलीय.

मग एके दिवशी दुकानात फुलं घेताना ती सोबतची पानं कुठून येतात म्हणून विचारते, उत्तर मिळतं बकिंगहॅमशरमधून, आणि ती तिथल्या चिल्टर्न्स टेकड्यांचा नकाशा विकत घेते. सत्तेचाळीसाव्या वर्षी घरात जाहीर करते की मी ग्रेट मॉप नावाच्या खेड्यात एकटी राहायला जाणार. घरात गदारोळ. आणि इथं वॉर्नरनं असं टिपलंय बघा, लॉरा आपले पैसे मागते तेव्हा कळतं की भावानं ते न विचारता कुठल्यातरी भलत्याच इथिओपियन कंपनीत गुंतवले आणि बरेचसे बुडवले. भाऊ दुष्ट नाही हां, चांगला वकील माणूस, त्याला खरंच वाटतं की आपण बहिणीचं भलं केलं. हे प्रकरण गटात वाचलंत की वाटणीपत्र, हक्कसोड, बहिणीची सही, सगळं बाहेर येईल, तयारी ठेवा.

जादू कुठाय म्हणाल तर ती दोन तृतीयांश पुस्तक झाल्यावर येते. लॉरा चेटकीण होते. मांजराचं पिल्लू येतं, त्याचं नाव व्हिनेगर, खेड्यातले अर्धे लोक त्यातलेच निघतात, आणि सैतान येतो तो एखाद्या शिकाऱ्यासारखा, निवांत, आपल्या कामाशी काम ठेवणारा. तिला चेटकीण होऊन कोणाचं वाईट करायचं नाहीये, तिला फक्त कोणी उठसूट हाक मारू नये एवढंच हवंय. शेवटाकडं ती सैतानापाशी बायकांबद्दल जे बोलते ती चार-पाच पानं मोठ्यानं वाचाच, इंग्लंडात बायकांना पुरुषांच्या बरोबरीनं मत मिळालं 1928 साली, हे त्याच्या दोन वर्षं आधीचं. भांडणाचा मुद्दा: भावाच्या घरून सुटली आणि सैतानाच्या पदरी गेली, हे स्वातंत्र्य म्हणायचं का? तिथं पण मालक पुरुषच की. माझं मत असं की वॉर्नरला हे पुरतं ठाऊक आहे आणि तिनं ती टोचणी मुद्दाम ठेवलीय, पण तुमच्यात दोन तट पडले तर मला आनंदच आहे. पहिली शंभर पानं संथ आहेत, हे आधी सांगून ठेवा नाहीतर अर्ध्या जणी सोडून देतील.

तिसरा आणि चौथा महिना, दोन्ही उर्सुला ले ग्विनला द्या. कोणी म्हणेल एकाच लेखिकेला दोन का, तर मला विचाराल तर सगळ्या सहा महिन्यांचा कणा हाच आहे. अर्थसी या द्वीपसमूहाच्या गोष्टी. पहिलं पुस्तक 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' 1968 चं, एका बकऱ्या राखणाऱ्या पोराची गोष्ट, गेड, तो पुढं मोठा जादूगार होतो. सुरुवातीलाच गावातली म्हण येते, की बायकांची जादू म्हणजे दुबळी, बायकांची जादू म्हणजे वाईट. जादूची शाळा आहे रोक बेटावर, तिथं फक्त मुलगे. ले ग्विननं तेव्हा हे लिहून टाकलं कारण जादूगार म्हणजे पुरुष हीच रीत होती. ते पुस्तक गटात घेऊ नका, कोणीतरी दहा मिनिटांत गोष्ट सांगा आणि सरळ दुसऱ्यावर या.

दुसरं 'द टॉम्ब्स ऑफ अतुआन' (1971). पाच वर्षांची मुलगी, तेनार, आईबापापासून उचलून वाळवंटातल्या देवस्थानात आणलेली, कारण म्हणे मोठी पुजारीण मेली त्या रात्री जन्मली म्हणून ती तिचाच पुनर्जन्म. तिचं नाव काढून घेतात. आता ती अर्हा, म्हणजे जिला खाऊन टाकलंय ती. सगळ्या बायकांचीच वस्ती, देवांना नावं नाहीत, आणि खाली जमिनीत भुयारं, जिथं दिवा न्यायला बंदी. ती मुलगी अंधारात भिंतीला हात लावून, वळणं मोजत मोजत रस्ता पाठ करते. हे जे वर्णन आहे ना, बोटांनी चाचपत शिकलेलं राज्य, त्याला तोड नाही. तिला मोठा मान आहे, तिच्या शब्दानं कैदी अंधारात उपाशी मरतात, आणि तिला अंगणाबाहेर पाऊल टाकता येत नाही. देवाच्या नावानं मुलगी वाहणं म्हणजे काय हे महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमेवर वेगळं समजावून सांगावं लागत नाही, चर्चा तिकडं जाईलच, जाऊ द्या, फक्त दोन्ही गोष्टी एकच करून टाकू नका, तेनारचं शोषण वेगळ्या जातीचं आहे, तिच्या हातात सत्ता देऊन तिला कोंडलंय.

मग त्या भुयारात चोर म्हणून गेड येतो, आणि शेवटी दोघं मिळून बाहेर पडतात. इथं गटात हमखास हात वर होतो, सुटायला पुरुषच का लागला? ले ग्विननं नंतर यावर लिहिलंय, दोघांनाही एकमेकांशिवाय सुटता आलं नसतं असं तिचं म्हणणं. पटतं का ते बघा. मला अर्धं पटतं.

आणि आता चौथा महिना, 'तेहानू'. तिसरं पुस्तक 1972 चं, हे 1990 चं, मध्ये अठरा वर्षं. या अठरा वर्षांत स्त्रीवादी चळवळीनं ले ग्विनला स्वतःचंच लिखाण पुन्हा वाचायला लावलं. तिनं जुनी पुस्तकं रद्द केली नाहीत, बदलली नाहीत, त्याच जगात परत गेली आणि या वेळी खिडकीतून न बघता स्वयंपाकघरातून बघितलं. तेनार आता मध्यमवयीन, शेतकऱ्याची विधवा, मुलं मोठी झालेली. तिच्याकडं एक पोर आहे, थेरू, जिच्यावर तिच्याच माणसांनी अत्याचार करून तिला जाळात ढकललं, अर्धा चेहरा आणि एक हात जळालेला. (हे आधी सगळ्यांना सांगा. फोनवर, एकेकीला. कोणाच्या घरात काय घडलंय आपल्याला माहीत नसतं.) आणि महान जादूगार गेड परत येतो तो सगळी शक्ती गमावून, लाजेनं तोंड लपवत. पुरुषाची सत्ता गेली की मागं काय उरतं, हा प्रश्न फॅन्टसीत इतक्या सरळ कोणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही. तो बकऱ्या राखायला जातो. मोठी लढाई नाही, शोधयात्रा नाही. कातणं, बकऱ्या, कांदे, जळालेल्या हाताला तेल लावणं, दार लावून घेतलं का ते रात्री दोनदा बघणं. तेनारचा समुद्रावर गेलेला मुलगा घरी येतो तर घरकाम बायकांचं हे त्याला कोणी न शिकवता येतंय, आणि ती विचारात पडते की वाढवला तर मीच.

एक प्रसंग नीट बघा. गावातल्या विणकराच्या घरी एक जुना पंखा आहे. एका बाजूला रंगवलेली माणसं, दुसऱ्या बाजूला ड्रॅगन. एरवी एका वेळी एकच बाजू दिसते, पण उजेडासमोर धरला की दोन्ही चित्रं एकात एक मिसळतात आणि माणसांना पंख दिसतात. कथेतला सगळा पुढचा भाग त्या पंख्यात आहे, मी आणखी सांगत नाही. मॉस नावाची गावठी चेटकीण आहे, कळकट, बडबडी, तिचं आणि तेनारचं बाईच्या शक्तीवरचं संभाषण दोघींनी नाटकासारखं वाचा.

'तेहानू' पुष्कळ जुन्या वाचकांना आवडलं नाही, आमच्या गेडचं हे काय केलं म्हणून. तरी त्याला नेब्युला पुरस्कार मिळाला, तोही सायन्स फिक्शन-फॅन्टसीचाच मोठा पुरस्कार. उपशीर्षकात अर्थसीचं शेवटचं पुस्तक असं छापलं होतं आणि 2001 साली बाईंनी आणखी दोन आणली, असो. जाता जाता, गेड आणि अर्थसीतले बहुतेक लोक सावळे-तपकिरी आहेत, गोरी आहे ती तेनार. टीव्हीवाल्यांनी 2004 मध्ये गेडला गोरा केला तेव्हा ले ग्विन जाहीरपणे चिडल्या होत्या. मुखपृष्ठावर विश्वास ठेवू नका.

पाचवा महिना अँजेला कार्टर, 'द ब्लडी चेंबर' (1979). दहा कथा आहेत, सगळ्या घेऊ नका, इंग्रजी दाट आहे, वाक्यं दागिन्यांनी मढवलेली. शीर्षककथा आणि लांडग्याच्या कथांपैकी एक पुरे. शीर्षककथा निळ्या दाढीच्या सरदाराची, जो बायकोला सगळ्या किल्ल्या देतो आणि एक खोली उघडू नको म्हणतो. फ्रेंच लेखक पेरॉच्या 1697 च्या मूळ गोष्टीत तिला वाचवायला भाऊ धावत येतात. कार्टरकडं कोण येतं? आई. घोड्यावरून, मेलेल्या नवऱ्याचं सर्व्हिस रिव्हॉल्व्हर घेऊन. या आईनं अठराव्या वर्षी हनोईच्या उत्तरेला नरभक्षक वाघ मारलाय, हे लेखिकेनं सुरुवातीलाच सहज सांगून ठेवलेलं असतं आणि आपण ते विसरून गेलेलो असतो. लेकीनं फोनवर रडताना काय कारण सांगितलं आणि आईनं ते कसं ओळखलं, हा तपशील मी फोडणार नाही. 'द स्नो चाइल्ड' नावाची दीड-दोन पानी कथा आहे, ती फार क्रूर आहे, लैंगिक हिंसा आहे, ती ज्यांना वाचायची त्यांनीच वाचावी. कार्टरवर स्त्रीवाद्यांनीच टीका केलीय, की तिच्या कथा पुरुषांच्या नजरेतल्या शृंगारातून बाहेर पडतच नाहीत. तो वाद गटात होऊ द्या. आणि पेरॉचं नाव निघालंच आहे तर सांगते, त्याच 1697 साली पॅरिसमध्ये मादाम दोल्नॉय नावाच्या बाईच्या परीकथा पण छापून आल्या होत्या, तिच्यासारख्या बऱ्याच जणी लिहीत होत्या, आपल्यापर्यंत पोचला तो पेरॉ.

सहावा महिना ऑक्टेव्हिया बटलर, 'किंड्रेड' (1979). काळ्या अमेरिकन लेखिकेचं. लोक याला सायन्स फिक्शन म्हणतात, बटलर म्हणायच्या यात सायन्स कुठाय. 1976 साल, कॅलिफोर्निया, डेना नव्या घरात पुस्तकं लावतेय, अचानक घेरी येते आणि ती मेरीलँडमध्ये, एकोणिसाव्या शतकात, गुलामगिरीच्या काळात. नदीत बुडणारा गोरा पोरगा वाचवते. तो रूफस, मोठा होऊन मालक होणार, आणि तिचा पूर्वज निघतो. त्याचा जीव धोक्यात आला की ती ओढली जाते. त्याला जगवलं नाही तर ती स्वतः जन्मणार नाही, आणि तो जगला तर ॲलिस नावाच्या दुसऱ्या बाईवर काय ओढवणार हे तिला दिसतंय. असला पेच दुसरा नाही. इथं माझा भांड्यांचा प्रश्न पार टोकाला जातो. सारा नावाची स्वयंपाकीण आहे, तिची मुलं मालकिणीला नवं फर्निचर आणि चिनी मातीची भांडी हवी होती म्हणून विकलेली. मुलांच्या बदल्यात कपबश्या. आणि त्याच पुस्तकात, विसाव्या शतकात, डेनाचा चांगला, प्रेमळ, गोरा नवरा तिला आपली हस्तलिखितं टाइप करून देशील का म्हणून विचारतो, आणि ती नाही म्हणते. बटलर दोन्ही शेजारी ठेवतात, बोट दाखवत नाहीत. चाबकाचे मार आहेत, बलात्कार आहे, आत्महत्या आहे, तेही आधी सांगा. भाषा मात्र सहांतली सगळ्यात सोपी, इंग्रजी जड जाणाऱ्या बाया हेच सगळ्यात भराभर वाचतात.

काय घेऊ नका तेही विचारलंत. मॅरियन झिमर ब्रॅडलीचं 'द मिस्ट्स ऑफ अ‍ॅव्हलॉन' कोणीतरी सुचवणारच, आर्थर राजाची गोष्ट बायकांच्या बाजूनं, एके काळी स्त्रीवादी वाचकांचं लाडकं. पण 2014 मध्ये लेखिकेच्या मुलीनं जाहीर आरोप केला की आईनं लहानपणी तिचं लैंगिक शोषण केलं, लेखिका तोवर वारल्या होत्या, आणि त्यांच्या नवऱ्याला मुलांच्या लैंगिक शोषणासाठी शिक्षा झालेली होती हे तर नोंदलेलंच आहे. वाचू नका असं मी फर्मान काढत नाही, पण गटाला न सांगता हे पुस्तक हातात देणं मला पटत नाही. शिवाय आठशेच्या वर पानं आहेत, तोच मुद्दा बऱ्याच जणींना पुरेल. शार्लट पर्किन्स गिलमनचं 'हरलँड' (1915) बायकांच्या देशाची गोष्ट म्हणून सुचवतात, त्यात 'चांगल्या वंशा'ची जी भाषा आहे ती वाचून अंगावर काटा येतो. रोकेयाबाईंनी दहा वर्षं आधी कमी पानांत आणि जास्त विनोदानं काम केलंय.

राखीव ठेवायला पॅट्रिशिया मॅककिलिपचं 'द फरगॉटन बीस्ट्स ऑफ एल्ड' (1974). एकटी जादूगारीण सिबेल, राजा तिचं मन मोडून तिला आज्ञाधारक बायको करायला माणूस नेमतो, ती सुटते आणि मग सूडापायी तेच आपल्या प्रेमाच्या माणसाच्या मनाशी थोडंसं करते. 'लॉली' कोणाला फारच संथ वाटलं तर हे घ्या. नेओमी मिचिसनचं 'ट्रॅव्हल लाइट' (1952) लहानसं नि गमतीदार, आधी अस्वलांनी मग ड्रॅगनांनी वाढवलेली मुलगी, त्यामुळे ड्रॅगन मारणारे वीर तिला गुंडच वाटतात. (मिचिसन म्हणजे भारतात येऊन राहिलेल्या शास्त्रज्ञ हॉल्डेन यांची बहीण.) डायना विन जोन्सचं 'हाऊल्स मूव्हिंग कासल' (1986) तरुण मुलींना सिनेमामुळं माहीत असेल. पुस्तकातली सोफी शापानं म्हातारी झाल्यावर पहिल्यांदा मोकळेपणानं बोलायला लागते आणि जादूगाराच्या घरात घुसून साफसफाई काढते, साठीपुढच्या बायकांना ती फार जवळची वाटते. सिनेमा वेगळाय, आधी पुस्तक. सी. एल. मूरची 'ब्लॅक गॉड्स किस' (1934) एकाच संध्याकाळची कथा, तलवारवाल्या नायिकांची ही आद्य आजी, शेवट असा की निम्म्या जणी पुस्तक आपटतील.

इंग्रजीचं असं करा, जोड्या लावा, एक वाचणारी एक ऐकणारी, आणि प्रत्येक सत्रात एक उतारा मूळ इंग्रजीत नि लगेच मराठीत, बोलून, लिहून नव्हे. चर्चा मराठीतच. पीडीएफचं विचारलंत, तर रोकेयाबाई 1932 मध्ये गेल्या, आपल्याकडं लेखक गेल्यावर 60 वर्षांनी कॉपीराइट संपतो, त्यामुळं 'सुलतानाज ड्रीम' खुशाल ग्रुपवर टाका. बाकी सगळ्यांचे हक्क अजून आहेत, दोन-तीन प्रती घेऊन फिरवा. 'किंड्रेड' आणि ले ग्विन सहज मिळतात. 'लॉली विलोज' आणि नामजोशी मागवायला वेळ लागतो, त्या आजच ऑर्डर करा, आणि नामजोशी नवी मिळाली नाही तर कॉलेजच्या इंग्रजी विभागाच्या लायब्ररीत चौकशी करा, अभ्यासक्रमाच्या निमित्तानं बऱ्याच ठिकाणी घेऊन ठेवलेली असते.